सासूबाई, सुकी मासळी आणि नॉर्वेची बोट

आमच्या सासूबाई क्रूझ म्हणत नाहीत, बोट म्हणतात. अठरा मजले, तीन स्विमिंग पूल, आत थिएटर, लिफ्टमध्ये आज कुठला वार आहे ते लिहिलेलं कार्पेट (हे मला फार आवडलं, कारण चौथ्या दिवसानंतर खरंच कळेनासं होतं), पण ती बोटच. "बोटीवर जेवण किती वाजता गं?" असं त्या विचारायच्या तेव्हा मला आपण भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालोय असंच वाटायचं.

तर झालं असं की मुलगी दोन वर्षांपासून हॅम्बुर्गला नोकरीला आहे. तिच्याकडे जायचंच होतं, जूनमध्ये मुंबईतून पळ काढायला आम्हाला कारण लागत नाहीच, आणि तिने परस्पर आमच्या तिघांचं, म्हणजे मी, नवरा आणि आई, कीलहून सुटणाऱ्या आठ रात्रींच्या नॉर्वे क्रूझचं बुकिंग करून टाकलं. ती स्वतः आली नाही, सुट्टी नाही म्हणाली. मला वाटतं आजीबरोबर एका केबिनमध्ये आठ रात्री हा विचार तिने केला असावा, पण असो.

आईंना सांगितल्यावर पहिली प्रतिक्रिया एका शब्दाची. "रामदास."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आईंचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा, पण त्यांचं माहेर उमरखाडीचं आणि वडील गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे चढ-उतार होणाऱ्या मालाची मोजदाद ठेवणारे, त्यामुळे बंदरातल्या सगळ्या गोष्टी त्यांनी जेवणाच्या ताटावर ऐकलेल्या. आणि या गोष्टी कशा असायच्या तर कोण बुडालं, कुठे आग लागली, कुठला मुकादम क्रेनखाली आला. समुद्राबद्दल चांगली गोष्ट त्या घरात एकच, मासळी. त्यांना बोटीवर न्यायचं म्हणजे मला वाटलं चार आठवडे समजूत घालावी लागेल. पण दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच विचारलं, तिकडे मासे कुठले मिळतात? म्हटलं चला, जमलं.

व्हिसाचं फार लिहीत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. एवढंच सांगते की नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे जर्मनी आणि नॉर्वे एकाच व्हिसावर होतं. काही क्रूझ मध्येच स्कॉटलंडच्या एखाद्या बंदराला लागतात, मग यूकेचा वेगळा आणि शेंगेन मल्टिपल एंट्री बघावा लागतो. बुकिंग करताना बंदरांची नावं नीट वाचा, नुसता पॅकेजचा फोटो बघू नका. आमच्या ओळखीतल्या एका ट्रॅव्हलवाल्याने हे कधीच सांगितलं नसतं, त्याने तर "रोज इंडियन फूड आहे मॅडम" असंही सांगितलं होतं. रोज एक पिवळी डाळ होती. नाव रोज वेगळं.

हॅम्बुर्गहून कील ट्रेनने सव्वा तास. आणि मग ते जहाज दिसलं की माणूस जरा गप्प होतो, कारण ते बंदराला लागलेलं जहाज वाटतच नाही, शहराच्या टोकाला कोणीतरी टॉवर आडवा ठेवलाय असं वाटतं. चढल्यावर आधी सेफ्टी ड्रिल, सगळ्यांना कम्पल्सरी. भोंग्याचे सात छोटे आवाज आणि एक लांब आवाज झाला की समजायचं गडबड आहे आणि आपल्या ठरलेल्या जागी जायचं. बाकीचे लोक हातात ग्लास घेऊन टाइमपास करत होते, आणि आमच्या आई एकट्या अख्ख्या हॉलमध्ये कान देऊन ऐकत होत्या. भोंगा वाजल्यावर बोटांवर मोजले. "सात आणि एक. बरोबर." नंतर लाइफजॅकेट कुठे ठेवलंय ते स्वतः कपाट उघडून बघितलं, वर त्याच कपाटात आपली पिशवी ठेवली, ज्यात मेतकूट, लसणीची चटणी, आलेपाकाच्या वड्या आणि देवाची छोटी तसबीर. म्हणजे बुडायची वेळ आली तर सगळं एका हाताला.

केबिनमध्ये उदबत्ती, निरांजन काही चालत नाही, साधी इस्त्रीसुद्धा चालत नाही, आगीची भीती. मुलीने बॅटरीवरचा दिवा दिला होता. पण खरा घोळ वेगळाच झाला. दिवा लावायचा कधी? तिन्हीसांजाच होईनात. नॉर्वेतल्या पहिल्या रात्री साडेदहा वाजले तरी बाल्कनीत ऊन, अकराच्या पुढे कधीतरी सूर्य टेकला आणि मग सगळं आभाळ पहाटे चारपर्यंत नुसतं राखाडी निळं, अंधार असा नाहीच. आई सात वाजल्यापासून हात धुऊन बसलेल्या. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, मुंबईच्या वेळेला दिवा लावायचा, म्हणजे नॉर्वेतल्या दुपारी साडेतीनला. त्यानंतर रोज, आम्ही कुठेही असलो तरी दुपारी साडेतीनला त्यांच्या तोंडातल्या तोंडात शुभंकरोति चालू व्हायचं. फ्लोमच्या ट्रेनमध्येसुद्धा झालं.

नवऱ्याला मात्र पुलाचं वेड. कीलहून उत्तरेला जाताना डेन्मार्कचा ग्रेट बेल्टचा पूल लागतो, १९९८ चा, पाण्यापासून ६५ मीटर उंच, आणि खालून जाताना खरंच वाटतं की आता आपलं धुराडं घासणार. तो सगळ्यात वरच्या डेकवर उभा. घासलं नाही. जरा निराश होऊन खाली आला.

आता बर्गन. मी हे सगळं लिहायला बसले ते बर्गनमुळेच, फ्योर्डचे फोटो तर सगळ्यांनीच पाहिलेत.

बर्गनला उतरलो तेव्हा पाऊस होता. तिथे कायमच असतो म्हणे, वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास. आता हा आकडा मुंबईकराने ऐकला की तो हसतो, कारण आपलाही साधारण तेवढाच. फरक इतकाच की आपण तो जून ते सप्टेंबर चार महिन्यांत उरकून टाकतो आणि ते लोक वर्षभर पुरवून पुरवून वापरतात, दोनशेहून जास्त दिवस. आपला पाऊस घाऊक, त्यांचा किरकोळ. बाकीचे प्रवासी पोंचो घालून वैतागले होते आणि आम्ही तिघं अगदी घरच्यासारखे, आईंनी तर साडी जराशी वर खोचली आणि निघाल्या. फक्त गारठा जास्त. साडीखाली थर्मल आणि वर मुलीचं जॅकेट, हा अवतार त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर आधीच गाजलाय.

बंदराच्या काठावर ब्रिग्गेन म्हणून भाग आहे, तिरपी तिरपी लाल-पिवळी लाकडी घरं, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत. पोस्टकार्डवर असतो तो. समोरून सगळे फोटो काढतात आणि जातात, पण खरी मजा आतल्या बोळांत आहे. दोन घरांच्या मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट, पायाखाली फळ्या, वर लाकडी गॅलरी, बाहेरून जिना, दोरीने वर माल ओढायच्या कप्प्या. मी गिरगावात चाळीत वाढले. त्या बोळात शिरल्यावर ओल्या लाकडाचा जो वास आला ना, तो थेट आमच्या चाळीच्या मागच्या जिन्याचा. जुलैमधला.

आणि तिथली गोष्ट ऐकल्यावर तर मी चाटच पडले. साधारण १३६० पासून इथे जर्मन व्यापाऱ्यांची पेढी होती, हान्सा म्हणतात त्या व्यापारी संघाची. उत्तर नॉर्वेतून सुकी मासळी यायची, जर्मनीकडून धान्य यायचं, अदलाबदल इथे. या पेढ्यांवर राहणारे सगळे पुरुष. लग्न करायला बंदी, बाई आत येणार नाही, पोरवयातली शिकाऊ मुलं कपाटासारख्या खणांत दोन-दोन झोपायची. घरात चूल पेटवायची नाही, दिवा नाही, शेकोटी नाही, कारण सगळं लाकूड. स्वयंपाक आणि शेक घ्यायला मागच्या बाजूला वेगळी इमारत, सगळ्यांनी तिकडे जाऊन जेवायचं.

आता सांगा, ही लालबागची गावकीची खोली नाही तर काय? एका गावचे वीस-पंचवीस बाप्ये एका खोलीत, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी, पाळीप्रमाणे झोपायचं, बायको-पोरं कोकणात, आणि जेवण खानावळीत. गिरणीच्या जागी मासळी ठेवा. माझे चुलत आजोबा असेच राहिले, बावीस वर्षं. मी हे नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, तू प्रत्येक ठिकाणी गिरगाव शोधतेस. शोधते. सापडतं तर का नाही शोधायचं?

(एवढं करूनही आग लागायची ती लागलीच, १७०२ मध्ये हे सगळं जळलं, आज दिसतं ते त्यानंतर जुन्याच पद्धतीने बांधलेलं, आणि १९५५ मध्ये त्यातलाही बराच भाग पुन्हा जळला.)

मग सुकी मासळी. एका दुकानात छताला टांगलेली होती, टोरफिस्क म्हणतात, कॉड माशाची. हिवाळ्यात हा मासा अंडी घालायला लोफोटेन बेटांकडे येतो, तेव्हा पकडायचा, डोकं काढायचं, दोन मासे शेपटीला बांधून लाकडाच्या मांडवावर टांगायचे, फेब्रुवारीपासून मेपर्यंत. मीठ नाही, काही नाही, नुसता गार वारा. दुकानातल्या मुलाने मांडवाचा फोटो दाखवला आणि आई एकदम मोठ्याने, "अगं, ही तर वेसाव्याची वलांडी!"

बघा तर खरंच तीच. आपल्याकडे वेसाव्याला, मढला बांबूंच्या मध्ये दोऱ्या बांधून बोंबील वाळत घालतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडीने दोरीवर टाकायचा. यांचं शेपटीकडून, आपलं तोंडाकडून, पण जोडी दोघांचीही. आईंनी तो मासा हातात घेतला, नखाने वाजवला, लाकडासारखा टक् आवाज आला. वास घेतला. "चांगला वाळलाय," असं सर्टिफिकेट त्या मुलाला मराठीतून दिलं. मग किंमत विचारली आणि मी क्रोनरला आठने गुणून सांगितल्यावर मासा हळूच परत ठेवला. नॉर्वेत आठने गुणायची सवय लावू नका, उपाशी मराल. कॉफीसुद्धा गळ्याखाली उतरत नाही. शेवटी त्याचं एक छोटं पॅक केलेलं पुडकं घेतलं, नवऱ्याच्या नकळत.

तिथून पुढे किल्ल्याकडे गेलो, बर्गनहूस. आत होकोनचा हॉल म्हणून तेराव्या शतकातला दगडी दरबार आहे, १२६१ मध्ये राजपुत्राच्या लग्नाची मेजवानी इथे झालेली. एक गाइड मुलगी होती, रेनकोटवाली, घडाघडा बोलणारी, आणि मी आईंना अर्धंमुर्धं भाषांतर करत होते, खरं सांगायचं तर कंटाळा आला होता, राजांची नावं गाळत होते. ती म्हणाली की हे छप्पर नवं आहे, जुनं महायुद्धात गेलं, बंदरात एका जहाजाचा स्फोट झाला. जर्मनांनी ताब्यात घेतलेली डच बोट, व्होरबोडे नावाची, दारूगोळा भरलेली, अगदी या किल्ल्याच्या समोर उडाली. मी म्हटलं, आई, इथे पण गोदीत स्फोट झाला होता.

आई थांबल्या. "कधी?"

मी विचारलं. १९४४, एप्रिल.

"एप्रिलची कितवी?"

वीस.

"आमची चौदाची," आई म्हणाल्या.

मुंबईत १४ एप्रिल १९४४, दुपारी चारच्या सुमाराला, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन बोट उडाली. कराचीहून आलेली, पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा आणि त्याच्यासोबत कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं, मासळीचं खत, आणि सोन्याच्या विटा. आग आधी कापसाला लागली. विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान त्यात गेले, म्हणून अजून १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. आणि सहा दिवसांनी, पृथ्वीच्या या टोकाला, दुसऱ्या एका पावसाळी बंदरात, हेच. युद्धाच्या दोन वेगळ्या बाजूंचा दारूगोळा, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मला हे माहीतच नव्हतं. शाळेत महायुद्ध शिकलो ते हिटलर आणि हिरोशिमा एवढंच.

आईंचे वडील त्या दिवशी सकाळच्या पाळीला होते, सुटून घरी येऊन जेवून आडवे झाले होते, म्हणून वाचले. आईंच्या आईने पुढे शंभर वेळा सांगितलेलं, की खिडक्यांच्या काचा आत आल्या, ताटल्या फळीवरून खाली, आणि मग आभाळातून पेटता कापूस पडायला लागला, म्हणजे मऊ मऊ, सावकाश. उमरखाडीतल्या बायका गच्चीवर घागरी घेऊन उभ्या. वडील उठून परत गोदीकडे गेले आणि दोन दिवस आलेच नाहीत.

हे सगळं आईंनी त्या गाइडला सांगायला सुरुवात केली. मराठीत. मी मध्ये भाषांतर करतेय, ती मुलगी ऐकतेय, आमच्या ग्रुपमधले आठ-दहा लोक पावसात थांबलेत. आई म्हणाल्या, हिला विचार, यांच्या बोटीत सोनं होतं का? कारण मुंबईत सोन्याच्या विटा उडाल्या होत्या, एक तर लांबच्या एका पारशीबाबाच्या घरात छप्पर फोडून पडली. मुलगी म्हणाली, सोनं नव्हतं, पण त्या जहाजाचा नांगर उडाला तो बंदर ओलांडून मागच्या डोंगरावर जाऊन पडला. आणि हात करून दाखवला डोंगर. ढगात होता, दिसत नव्हता. आई तरी त्या दिशेला बघत राहिल्या बराच वेळ.

परत बोटीकडे येताना म्हणाल्या, "नांगर म्हणजे जड असतो गं." एवढंच.

रात्री बर्गनहून वर जाताना स्टाडचं टोक लागतं, तिथे बेटांचा आडोसा संपतो आणि उघडा समुद्र अंगावर येतो. अठरा मजले असले तरी बोट बोटच, हलली. नवऱ्याने गोळी घेतली, मी आलेपाकाची वडी, आणि आई आठ तास गाढ झोपल्या.

सकाळी गायरांगर. आता इथे जरा भांडण होणार आहे वाचणाऱ्यांशी. फ्योर्ड सुंदर आहे, आहेच. हिमनदीने दरी खरवडली, बर्फ मागे हटला, समुद्र आत शिरला, आणि आता तुम्ही सरळसोट कड्यांच्या मधून पंधरा किलोमीटर आत जाता, पाणी काळंहिरवं, स्तब्ध, जहाज चाललंय की डोंगर चाललाय कळत नाही. आई म्हणाल्या खाडी. मी म्हटलं आई, फ्योर्ड. म्हणाल्या समुद्र आत आला की खाडी, ठाण्याची असो की हिची. बरोबरच आहे, फक्त ठाण्याच्या खाडीला हे कळलं तर ती लाजेल.

सेव्हन सिस्टर्सचा धबधबा डाव्या-उजव्या कुठल्या बाजूला येणार यावरून डेकवर रेटारेटी. सात धारा शेजारी शेजारी, जूनमध्ये बर्फ वितळत असल्यामुळे जोरात होत्या. समोरच्या कड्यावर एकच धबधबा, तो म्हणजे सातही बहिणींना मागणी घालून नकार मिळालेला मुलगा, आणि मग तो दारू प्यायला लागला म्हणून त्या धबधब्यात बाटलीचा आकार दिसतो. आमच्या नवऱ्याला बाटली लगेच दिसली.

मला धबधब्यांपेक्षा कड्यावरची शेतं बघत बसावंसं वाटलं. अडीचशे मीटर वर, जिथे बकरीसुद्धा विचार करेल, तिथे एक घर, स्कागेफ्लो. माणसं राहायची, १९१६ मध्ये सोडून गेली. वर जायच्या वाटेत एका ठिकाणी शिडी होती आणि सारावसुलीवाला येताना दिसला की म्हणे शिडी वर ओढून घ्यायचे. ही कल्पना आमच्या सोसायटीच्या थकबाकीदारांना मुद्दाम सांगत नाहीये. आणि याच पडक्या शेतावर १९९३ मध्ये नॉर्वेच्या राजा-राणीने लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा केला.

पण दोन तासांनी, खरं सांगते, माझे डोळे थकले. सौंदर्य सारखं सारखं अंगावर यायला लागलं की माणूस बफेकडे वळतो. शिवाय त्यातली भीती. त्या भागात ओकरनेस म्हणून एक डोंगर आहे, त्याला भेग पडलीय आणि ती दरवर्षी काही सेंटिमीटर रुंदावते, यंत्रं लावून चोवीस तास पहारा. तो कडा पाण्यात कोसळला तर लाट दहा-एक मिनिटांत गायरांगर गावात. ही काही कल्पना नाही, शेजारच्या टाफ्योर्डला १९३४ मध्ये असंच झालं आणि चाळीस माणसं गेली. गावात अडीचशे माणसं राहतात, आणि आम्ही त्यात एका सकाळी चार हजार ओतले. मला लाज वाटली थोडी, आइस्क्रीमच्या रांगेत उभी असताना. आता त्यांनी कायदा केलाय, या वारसा फ्योर्डमध्ये धूर न सोडणाऱ्या बोटीच येणार, छोट्यांना २०२६ पासून, आमच्यासारख्या मोठ्यांना २०३२ पासून. बरं केलं. आम्ही जाऊन आलो हे आमचं नशीब, असा कोडगा विचारही आलाच.

ओलेसुंड छान निघालं, अपेक्षा नव्हती. २३ जानेवारी १९०४ च्या रात्री आख्खं गाव जळलं, दहा हजार लोक उघड्यावर, आणि गेला जीव फक्त एक. मग तीन-चार वर्षांत सगळं पुन्हा बांधलं, या वेळी दगड-विटांचं, आणि तेव्हाची फॅशन आर्ट नूवो म्हणून सगळं गाव त्याच एका फॅशनमध्ये, बुरुज, वेलबुट्ट्या, दारांवर चेहरे. आपल्या मरीन ड्राइव्हचं जसं, एका पिढीने एकदम बांधलं की रस्त्याला एक चाल येते. मागच्या टेकडीवर ४१८ पायऱ्या आहेत. नवरा गेला, आम्ही दोघी खाली बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले.

फ्लोमची ट्रेन मात्र करा. वीस किलोमीटर, त्यात वीस बोगदे, समुद्रसपाटीपासून ८६६ मीटरवरच्या म्यूर्डालला जाते. चढ अठरात एक, म्हणजे अठरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ज्यांना हे कळत नाही त्यांच्यासाठी, आपला कर्जत ते खंडाळा घाट सदतीसात एक आहे आणि तेवढ्यासाठी कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. नवरा रेल्वेवेडा, त्याने ही माहिती डब्यातल्या दोन स्पॅनिश बायकांनापण दिली. मध्ये धबधब्यापाशी गाडी थांबते आणि लाल कपड्यातली एक बाई कड्यावर गाण्यावर नाचते, तिकडची लोककथेतली हुल्द्रा, पुरुषांना भुलवून डोंगरात नेणारी. आई म्हणाल्या, भिजतेय बिचारी, पगार बरा असेल का? वर म्यूर्डालला वडा मिळत नाही हे वेगळं सांगायला नको.

एक कामाची गोष्ट. ट्रेनचं तिकीट जहाजाच्या काउंटरवरून घेतलं तर महाग पडतं, बाहेरून स्वस्त. पण जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, स्वतःच्या तिकिटावर गेलात आणि उशीर झाला तर बोट जाते, तुम्ही धक्क्यावर. आम्ही स्वस्त घेतलं आणि परतीला नवरा फोटो काढत रेंगाळला, शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही तिघं पळालो, सत्त्याहत्तर वर्षांची बाई सगळ्यात पुढे. दादर स्टेशनची सवय.

स्टावांगर थोडक्यात. पांढऱ्या लाकडी घरांची गल्ली, कुंड्यांत गुलाब, अगदी चित्रासारखी, आणि त्याच गल्लीत सार्डिनचे डबे भरायच्या कारखान्याचं म्युझियम. आधी मासळीवर जगणारं गाव, १९६९ मध्ये उत्तर समुद्रात तेल लागलं आणि सगळं पालटलं. आपलं बॉम्बे हाय १९७४ चं. आईंचा सगळ्यात धाकटा भाऊ तिकडे रिगवर होता, चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, तर आईंनी तेलाच्या म्युझियममध्ये रिगचं मॉडेल बघून विचारलं, यात संडास कुठे असतो? भावाने कधी सांगितलं नव्हतं म्हणे.

मुंबईत उतरलो तर धो धो पाऊस आणि टॅक्सीवाला यायला तयार नाही. चौथ्या दिवशी आईंनी पुडकं काढलं. मग नवऱ्याला कळलं.

बोंबलासारखा तासभर भिजवू म्हणून पाण्यात टाकला, संध्याकाळी बघतो तर पाटीसारखा कडक. मुलीला फोन केला, तिने तिकडच्या कोणाला तरी विचारून कळवलं की आठवडाभर भिजवायचा, रोज पाणी बदलून, थंड जागेत. आज पाचवा दिवस. फ्रिजमधलं खालचं अख्खं शेल्फ त्या पातेल्याने अडवलंय, दुधाला वास लागलाय, नवरा दूध बाहेर पितो, आणि शेजारच्या वहिनींनी काल दारातूनच विचारलं, काय हो, सुकट का? आई मजेत आहेत. त्यांचा प्रश्न एकच उरलाय, याला कोकम घालायचं की चिंच. तुमच्यापैकी कोणी कॉड केला असेल तर रविवारच्या आत सांगा.